सत्तेचा अभ्यासक सत्तेसमोर: हान्स मॉर्गेंथाऊ आणि १९६५ चे व्हिएतनाम

२ मार्च १९६५ रोजी अमेरिकी विमानांनी उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेकीची मोहीम सुरू केली. ८ मार्चला अमेरिकी मरीन दलाच्या पहिल्या लढाऊ तुकड्या दक्षिण व्हिएतनाममधील दा नांगच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि जुलैअखेर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तेथील सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा केली. याच काही महिन्यांत शिकागो विद्यापीठातील एक प्राध्यापक या धोरणाविरुद्ध लेखांतून, जाहीर सभांतून आणि अखेर दूरचित्रवाणीवरून बोलत राहिले. संरक्षण खात्याचे सल्लागार म्हणून त्यांची असलेली नेमणूक त्याच वर्षी संपुष्टात आली.

हान्स मॉर्गेंथाऊ हे त्यांचे नाव. आपल्याकडे राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या किंवा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला ते ‘वास्तववादाची सहा तत्त्वे’ मांडणारे म्हणून ठाऊक असतात. आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणजे सत्तेसाठीचा संघर्ष, हे त्यांचे विधान उत्तरपत्रिकेत हमखास येते. म्हणूनच १९६५ चा प्रसंग प्रथम वाचणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो. ज्यांनी सत्तेला आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या केंद्रस्थानी ठेवले, त्यांनीच जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राने सत्ता वापरण्यास इतका कडवा विरोध का करावा? माझ्या मते यात विसंगती काहीच नाही. हा विरोध त्या सहा तत्त्वांतूनच निघाला होता. मात्र तो तसा निघाला हे समजून घ्यायचे असेल, तर तत्त्वांची यादी पाठ करून भागत नाही. ती तत्त्वे कोणत्या आयुष्यातून आली आणि प्रत्यक्ष प्रश्नावर कशी लावली गेली, हे पाहावे लागते.

कोबुर्ग ते शिकागो

मॉर्गेंथाऊ यांचा जन्म १७ फेब्रुवारी १९०४ रोजी जर्मनीतील कोबुर्ग येथे एका ज्यू डॉक्टरच्या घरी झाला. कोबुर्ग हे लहानसे शहर होते, पण जर्मनीच्या पुढच्या इतिहासाची चाहूल तेथे फार लवकर लागली. ऑक्टोबर १९२२ मध्ये हिटलर आपल्या गणवेशधारी अनुयायांसह तेथे संचलन करून गेला आणि १९२९ मध्ये नाझी पक्षाला नगरपरिषदेत बहुमत देणारे ते जर्मनीतील पहिले शहर ठरले.

शाळेच्या अखेरच्या काळातील एक प्रसंग मॉर्गेंथाऊ यांनी पुढे आत्मपर टिपणात नोंदवून ठेवला आहे. संस्थापक ड्यूक योहान कासिमिर यांच्या पुतळ्याला वर्गातील पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याने पुष्पमुकुट घालायचा, अशी त्या शाळेची प्रथा होती. त्या वर्षी पहिला आला तो हा ज्यू मुलगा. रस्त्याने जाताना लोक त्याच्यावर थुंकले, ओरडले. आणि समारंभाला पुढच्या रांगेत बसलेल्या माजी ड्यूकने, ज्यूंना दुर्गंधी येते हे दाखवण्यासाठी, नाक दाबून धरले. गुणवत्ता सिद्ध केली की द्वेष आपोआप विरतो, हा विश्वास त्या मुलाला त्या दिवसानंतर ठेवता आला नसावा. निव्वळ बुद्धिवादाने राजकारण सुधारेल या समजुतीवर मॉर्गेंथाऊ यांनी १९४६ च्या ‘सायंटिफिक मॅन व्हर्सेस पॉवर पॉलिटिक्स’ या पुस्तकात जो घणाघाती हल्ला केला, त्याचे एक मूळ मला या प्रसंगात दिसते.

त्यांचे शिक्षण कायद्याचे होते. फ्रांकफुर्टमध्ये त्यांनी कामगार कायद्याचे नामवंत जाणकार ह्यूगो सिंझहाइमर यांच्या हाताखाली काम केले. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा प्रश्न असा होता की, राष्ट्रांमधील कोणते वाद न्यायालय सोडवू शकते आणि कोणते सोडवू शकत नाही. कायद्याच्या भाषेत मांडता येणारा वाद आणि त्यामागचा सत्तेचा मूळ ताण यांत त्यांनी फरक केला. म्हणजे कायद्याचा अभ्यास करतानाच कायद्याची हद्द कोठे संपते, हे ते शोधत होते. १९३२ मध्ये ते जिनिव्हाला शिकवायला गेले. हिटलर सत्तेवर आल्यावर परतीचा मार्ग बंद झाला. तेथे त्यांच्या अध्यापनासाठीच्या पात्रताप्रबंधावरून अडचण उभी राहिली, तेव्हा विख्यात विधिज्ञ हान्स केल्सन यांच्या पाठिंब्यामुळे ते तरले. १९३५ मध्ये माद्रिदला नोकरी मिळाली, तर पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली. १९३७ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. ब्रुकलिन कॉलेजात आणि मग कॅन्सस सिटीत मिळेल ते शिकवून १९४३ मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले आणि त्याच वर्षी अमेरिकेचे नागरिक झाले.

१९४८ मध्ये ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेत आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय कसा शिकवावा, याचा साचाच बदलला. पुढच्याच वर्षी परराष्ट्र खात्यात जॉर्ज केनन यांच्या धोरण-नियोजन विभागाने त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. या तपशिलाचे महत्त्व असे की, १९६५ चे मॉर्गेंथाऊ हे सत्तेच्या दालनाबाहेर उभे राहून दगड मारणारे गृहस्थ नव्हते. त्या दालनात त्यांची ये-जा होती आणि आपले म्हणणे तेथे ऐकले जाईल, असा त्यांचा विश्वास होता.

तत्त्वे काय सांगतात

पुस्तकाच्या १९५४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी सहा तत्त्वे घातली. त्यांतील पहिली दोन, म्हणजे राजकारणाचे नियम मानवी स्वभावात रुजलेले आहेत आणि सत्तेच्या परिभाषेत मांडलेले हित हा राजकारण समजून घेण्याचा मुख्य धागा आहे, ही सर्वांच्या तोंडी असतात. व्हिएतनामच्या प्रकरणात कामी आली ती पुढची तत्त्वे. हित आणि सत्ता यांचा आशय कायमचा ठरलेला नसतो, तो काळ आणि परिस्थिती यांनुसार बदलतो, असे तिसरे तत्त्व सांगते. चौथ्या तत्त्वानुसार राजकीय कृतीला नैतिक अर्थ असतोच, पण नैतिक सूत्रे परिस्थितीच्या चाळणीतून लावावी लागतात, आणि कृतीच्या परिणामांचा तोल पाहणारा विवेक हा राजकारणातील सर्वश्रेष्ठ सद्गुण आहे. कोणत्याही राष्ट्राने आपल्या आकांक्षा म्हणजेच विश्वाचा नैतिक नियम असे समजू नये, हे पाचवे तत्त्व.

ही तीन तत्त्वे एकत्र वाचली की मॉर्गेंथाऊ यांचा वास्तववाद हा युद्धखोरीचा परवाना उरत नाही. सत्ता हे साधन मर्यादित आहे, म्हणून ते कोठे खर्च करायचे आणि कोठे नाही याचा हिशेब ठेवा, असे सांगणारे ते शास्त्र आहे. अमेरिकेबाबत त्यांना सर्वांत मोठी भीती वाटत होती ती तिच्या धर्मयुद्धाच्या वृत्तीची.

व्हिएतनामबद्दलचे मत कसे घडले

१९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंचांचा पाडाव झाला, जिनिव्हा करारान्वये व्हिएतनामची तात्पुरती फाळणी झाली आणि १९५६ मध्ये देशभर निवडणुका घेण्याचे ठरले. दक्षिणेतील न्गो दिन्ह दिएम यांच्या सरकारने अमेरिकेच्या पाठबळावर त्या होऊ दिल्या नाहीत. मॉर्गेंथाऊ १९५५ मध्ये स्वतः व्हिएतनामला गेले आणि दिएम यांना भेटले. १९५६ मध्ये त्यांनी दिएम यांच्या कामगिरीबद्दल बरेच कौतुकाने लिहिले-बोललेही. तरी विरोधकांना चिरडणारी राजवट टिकणार नाही, ही शंका त्यांच्या मनात होती. १९६२ च्या सुमारास ती शंका पक्की झाली. व्हिएतनाम हे दुसरे कोरिया ठरेल का, असा प्रश्न विचारणारा लेख त्यांनी त्या वर्षी ‘कॉमेंटरी’ मासिकात लिहिला आणि लष्करी उपायांनी राजकीय दुखणे बरे होत नाही, असे बजावले. नोव्हेंबर १९६३ मध्ये दिएम यांची सत्ता उलथली, त्यांची हत्या झाली, आणि त्यानंतर दक्षिणेची राजधानी सायगावमध्ये एकामागून एक सरकारे आली-गेली.

फेब्रुवारी १९६५ मध्ये परराष्ट्र खात्याने एक श्वेतपत्रिका काढली. व्हिएतनाममधील संघर्ष हे उत्तरेने दक्षिणेवर केलेले आक्रमण आहे, असे दाखवण्याचा तिचा प्रयत्न होता. मॉर्गेंथाऊ यांचे उत्तर १८ एप्रिलच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवार मासिकात आले. व्हिएतनाममध्ये आपण स्वतःचीच फसवणूक करीत आहोत, असे त्याचे शीर्षकच सांगत होते. या लेखाचा युक्तिवाद सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण ‘सिद्धांताचे उपयोजन’ या शब्दांचा अर्थ तेथे स्पष्ट कळतो.

पहिला मुद्दा चीनचा होता. अमेरिका व्हिएतनाममध्ये लढते आहे ती चीनला रोखण्यासाठी, असे सांगितले जात होते. सोव्हिएत संघाला युरोपात जसे रोखले, तसेच येथे. मॉर्गेंथाऊ यांचे म्हणणे असे की, युरोपातील धोका लष्करी होता. लाल सेना मध्य युरोपात ठाण मांडून बसली होती आणि तिच्यासमोर लष्करी रेषा आखण्यात अर्थ होता. आशियातील चीनचे वजन मुख्यतः राजकीय आणि सांस्कृतिक आहे, ते शतकानुशतकांचे आहे, आणि चीनच्या परिघावर चौक्या बसवून ते थोपवता येणार नाही. खरोखर ते मोडायचे असेल तर चीनशीच युद्ध करावे लागेल, आणि ते करायला कोणी तयार नाही. जी भाषा एका परिस्थितीत खरी होती ती दुसऱ्या परिस्थितीवर तशीच चिकटवणे, ही चूक त्यांनी दाखवली. तिसऱ्या तत्त्वाचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा मुद्दा साम्यवादाचा. जगातील सारे साम्यवादी एकाच सूत्राने हलतात, हे गृहीतक युगोस्लाव्हियाचे साम्यवादी नेते टिटो यांनी १९४८ मध्येच मॉस्कोशी फारकत घेऊन मोडीत काढले होते. व्हिएतनामी लोकांनी शतकानुशतके चिनी वर्चस्वाशी झुंज दिलेली होती. उत्तर व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह यांच्या नेतृत्वाखालील एकसंध व्हिएतनाम साम्यवादी असला तरी चीनचा बाहुला होईलच असे नाही. उलट बॉम्बफेक करून अमेरिकाच त्याला चीनच्या दारात ढकलते आहे, असे ते म्हणत. १९७९ मध्ये चीन आणि एकसंध साम्यवादी व्हिएतनाम यांच्यात युद्ध झाले, तेव्हा या मुद्द्याला इतिहासानेच दुजोरा दिला.

तिसरा मुद्दा गनिमी युद्धाचा. छत्रपतींच्या मुलखात वाढलेल्या वाचकाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. जनतेचा आधार असलेल्या गनिमाला हरवणे हे मूलतः राजकीय काम आहे, आणि निव्वळ शस्त्रबळावर ते करायचे ठरवले तर ती जनताच नष्ट करावी लागते. मॉर्गेंथाऊ यांच्या विरोधाला येथे नैतिक धार आली, पण तिचा उगम परिणामांच्या हिशेबातच होता.

राहिला प्रश्न प्रतिष्ठेचा. माघार घेतली तर अमेरिकेची पत जाईल, असे सरकार म्हणत होते. त्यावर त्यांनी फ्रान्सचा दाखला दिला. इंडोचीन आणि अल्जीरिया सोडल्यावर फ्रान्सची प्रतिष्ठा घसरली नाही; अध्यक्ष द गॉल यांच्या काळात ती वाढली. चुकीच्या जागी अडकून पडण्याने पत जाते, तेथून शहाणपणाने बाहेर पडण्याने नव्हे.

२१ जून १९६५

मार्चअखेर मिशिगन विद्यापीठात प्राध्यापकांनी रात्रभर चालणाऱ्या जाहीर चर्चेचा नवा प्रकार सुरू केला. ‘टीच-इन’ या नावाने तो देशभर पसरला. १५ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय पातळीवरची अशी सभा भरली. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी तेथे सरकारची बाजू मांडणार होते, पण ऐनवेळी अध्यक्षांनी त्यांना डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पेचप्रसंगासाठी धाडले. अखेर समोरासमोर गाठ पडली ती २१ जूनला, सीबीएस वाहिनीवर. सूत्रसंचालन एरिक सेव्हराइड यांच्याकडे होते. बंडी यांच्या बाजूला प्राध्यापक झ्बिग्निएव्ह ब्रेझिन्स्की होते, तर मॉर्गेंथाऊ यांच्या बाजूला चीनमध्ये दीर्घकाळ राहिलेले माजी राजनैतिक अधिकारी एडमंड क्लब होते.

बंडी हार्वर्डमधील माजी अधिष्ठाता, वादविवादात मुरलेले. त्यांनी व्हिएतनामपेक्षा मॉर्गेंथाऊ यांनाच चर्चेचा विषय केले. जुन्या लेखांतील भाकिते त्यांनी एकेक करून वाचून दाखवली. त्यांत लाओस साम्यवाद्यांच्या हाती जाणे जवळपास अटळ असल्याचे मॉर्गेंथाऊ यांचे मत होते; तसे झालेले नाही, मग या गृहस्थांच्या निराशेवर विश्वास का ठेवावा, असा रोख होता. मॉर्गेंथाऊ यांनी उत्तर दिले की, लाओसबाबत आपण साफ चुकलो असू, पण त्यावरून व्हिएतनामबाबतही चुकतो आहोत असे सिद्ध होत नाही. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर बिनतोड होते. तरीही त्या संध्याकाळी बंडी यांनी बाजी मारली, असे अनेकांचे मत पडले, आणि ते समजण्यासारखे आहे. जर्मन वळणाचे इंग्रजी बोलणारा, आशयाला धरून बसणारा प्राध्यापक एकीकडे आणि कागदांची चळत घेऊन सहज वार करणारा सत्ताधारी दुसरीकडे, असा तो सामना होता. प्रेक्षकाला त्यात कोण बरोबर यापेक्षा कोण वरचढ हे आधी दिसते.

या प्रकरणातील सर्वांत शिकण्याजोगा क्षण मला हाच वाटतो. राष्ट्राध्यक्षांच्या निकटच्या सल्लागाराने लाखो लोकांसमोर धोरणाच्या गुणदोषांना बगल देऊन टीकाकाराच्या विश्वासार्हतेवर नेम धरला, आणि पुढच्या दहा वर्षांनी जो युक्तिवाद खरा ठरवला तो त्या दिवशी पुरता ऐकूनही घेतला गेला नाही. बंडी यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये सरकार सोडले. त्याच महिन्यात सिनेटच्या परराष्ट्र समितीसमोर केनन यांनीही साक्ष देताना युद्धाविरुद्ध मत मांडले. तोवर व्हिएतनाममध्ये पावणेदोन लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. १९६९ मध्ये ती संख्या ५ लाख ४० हजारांच्या वर गेली.

सिद्धांताची दुबळी बाजू

मॉर्गेंथाऊ यांच्याबद्दल आदर असला तरी एक आक्षेप नोंदवणे भाग आहे. ‘राष्ट्रहित’ ही त्यांची मध्यवर्ती संकल्पना स्वतःहून निवाडा देत नाही. बंडीही राष्ट्रहिताच्या नावानेच बोलत होते, आणि शीतयुद्धाच्या भाषेत त्यांचा युक्तिवाद वरवर तरी सुसंगत होता. दोघांना वेगळे काढणारी गोष्ट होती ती परिस्थितीची पारख: चीनचा इतिहास, व्हिएतनामी राष्ट्रवादाची खोली, शस्त्रबळाची मर्यादा. ही पारख सहा तत्त्वे पाठ करून येत नाही. ती येते वाचनातून, प्रवासातून आणि आपले मत बदलण्याच्या तयारीतून. १९५६ मध्ये दिएम यांचे कौतुक करणारे मॉर्गेंथाऊ १९६२ मध्ये वेगळे बोलू शकले, ते याच तयारीमुळे. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये वास्तववादाला अधिक काटेकोर शास्त्रीय रूप दिले, तेव्हा विवेकाला असलेली ही जागा आक्रसली. मला तो तोटाच वाटतो. अर्थात वॉल्ट्झ स्वतः व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात होते, आणि सप्टेंबर २००२ मध्ये इराकवरील युद्ध अमेरिकेच्या हिताचे नाही असे सांगणारी जी जाहिरात ३३ अभ्यासकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दिली, तिच्यावर त्यांचीही सही होती. तेव्हाही सरकारने ऐकले नाही.

दोन निर्वासित, दोन वाटा

१९७० मध्ये मॉर्गेंथाऊ यांनी गेल्या दशकातील आपले निबंध ‘ट्रूथ अँड पॉवर’ या नावाने एकत्र केले. सत्ताधाऱ्यांना वस्तुस्थिती नीट समजावून सांगितली तर ते धोरण बदलतील, असे आपण मानून चाललो होतो, पण सत्तेची ठाणी युक्तिवादाने हलत नाहीत, याचा अनुभव आपल्याला आला, अशी त्यांची तेथील मांडणी आहे. सत्तेचे शास्त्र जगाला शिकवणाऱ्या माणसाने आपल्याच सरकारबाबत अशी आशा बाळगावी, याला काहीजण भोळेपणा म्हणतील. मला तो नागरिक म्हणून त्यांनी मानलेल्या कर्तव्याचा भाग वाटतो. ज्या देशाने त्यांना आसरा दिला, त्याला सत्य सांगणे हे त्यांना ऋण फेडण्यासारखे होते.

त्यांच्या शेजारी हेन्री किसिंजर यांना ठेवले की ही निवड अधिक ठळक दिसते. किसिंजर १९२३ मध्ये फ्युर्थला जन्मले, म्हणजे तेही बव्हेरियातील ज्यू आणि नाझी जर्मनीतून अमेरिकेत आलेले निर्वासित. ते मॉर्गेंथाऊ यांना गुरुस्थानी मानत. १९६८ च्या अखेरीस दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला, तेव्हा किसिंजर यांनी कळवले की, १९६५ च्या व्हिएतनाम भेटीतच आपल्याला तेथील परिस्थिती आशाहीन वाटली होती, आणि म्हणूनच आपण सरकारमध्ये राहून युद्ध थांबवण्याचा मार्ग पत्करला. निदान जवळपास सारखे होते. फरक होता तो ते जाहीरपणे उच्चारण्यात. त्यानंतर काही आठवड्यांतच किसिंजर निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले.

मॉर्गेंथाऊ यांनी उरलेली वर्षे न्यूयॉर्कमध्ये, आधी सिटी कॉलेजात आणि १९७४ पासून न्यू स्कूलमध्ये शिकवण्यात घालवली. सोव्हिएत संघातील ज्यूंच्या हक्कांसाठी ते काम करीत राहिले आणि अण्वस्त्रांच्या युगात राष्ट्र-राज्य ही व्यवस्थाच अपुरी पडते आहे, असे अधिकाधिक ठामपणे मांडत राहिले. ऑक्टोबर १९७९ मध्ये जिनिव्हाहून अथेन्समार्गे मुंबईकडे आणि पुढे पेकिंगला (आजचे बीजिंग) निघालेले स्विसएअरचे विमान अथेन्सला उतरताना धावपट्टीवरून घसरून पेटले. १४ प्रवासी दगावले. पंचाहत्तरीतले मॉर्गेंथाऊ वाचले. १९ जुलै १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले आणि अंत्यविधीच्या वेळी किसिंजर यांनी त्यांना आपला गुरू म्हणून आदरांजली वाहिली.

आत राहून प्रयत्न करणारा अभ्यासक अधिक परिणामकारक ठरतो, असा एक व्यवहारी युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि किसिंजर यांचे उदाहरण त्यासाठी दिले जाते. या प्रकरणात मला तो पटत नाही. किसिंजर सत्तेत आल्यापासून जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारापर्यंत आणखी वीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या कितीतरी पट व्हिएतनामी, कंबोडियन व लाओशियन माणसे मेली. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडले, तेव्हा हाती आलेली राजकीय परिस्थिती मॉर्गेंथाऊ यांनी दहा वर्षांपूर्वी स्वीकारायला सांगितलेल्या परिस्थितीहून चांगली नव्हती. त्यांनी ती स्वीकारायला सांगितली तेव्हा पहिली मरीन तुकडी दा नांगला उतरून जेमतेम सहा आठवडे झाले होते.